चित्रातल्या दोऱ्या

ते चित्र सकाळी गावाच्या ग्रुपवर आलं आणि दुपारपर्यंत माझ्या माहेरी पोचलं. मी तेव्हा सरपंच होते. चित्रात मी म्हणजे एक कठपुतळी, नऊवारी नेसलेली, तोंड शिवल्यासारखं मिटलेलं. वरून दोन हात आलेले, सुपाएवढे, आणि बोटाबोटाला दोऱ्या. हातांवर लिहिलेलं 'सरपंचपती'. माझ्या पदरावर 'गाव'. खाली एक ओळही नव्हती, लागतच नव्हती. मी जन्मात नऊवारी नेसले नाही, मेल्यांनी तीही नेसवली होती.

जऊळक्याच्या स्टेशनापासून जवळच आमचं गाव. जागा महिलेसाठी राखीव झाली म्हणून मी उभी राहिले, निवडून आले आणि कारभार मी केला. हे मी कोणासमोरही सांगेन. आमचे हे मला मोटारसायकलीवर वाशीमला न्यायचे, पिशवी धरायचे, मीटिंग संपेपर्यंत बाहेर चहा पीत बसायचे. बोलताना हात फार हलवायचे, एवढाच त्यांचा गुन्हा. पण बाईच्या खुर्चीवर नवरा बसलेला सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिलेला असतो. चित्रवाल्यानं नवीन काही सांगितलंच नाही. लोकांना जे आधीच माहीत होतं, त्याला त्यानं फक्त माझा चेहरा लावला.

कोणी तोंडावर म्हटलं असतं की बाई, कारभार तुझा नवरा पाहतो, तर मी त्याला ग्रामपंचायतीत बसवून चांगला तासभर ऐकवलं असतं. चित्राशी कसं भांडायचं? ते पुरावा देत नाही आणि मागूही देत नाही. माणूस आधी हसतो, आणि एकदा हसला की त्यानं मनातून कबूलच केलेलं असतं. माझी सख्खी बहीण फोनवर हसली. "भाऊजीचे हात लय मोठे काढले वं," म्हणाली. मी फोन ठेवून दिला.

पुढच्याच ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा ठराव होता. टाकी शाळेमागच्या उंचवट्यावर झाली, तर आमच्या बौद्ध वस्तीतल्या शेवटच्या नळालाही पाणी पोचणार होतं. काही जणांना ती ग्रामपंचायतीजवळ हवी होती. उंचवटाच बरोबर, हे मला माहीत होतं, ह्यांनाही माहीत होतं. आम्ही दोघं तिथं उभं राहून बोललो होतो. पण आता मी काहीही बोलले असते तरी ते वरच्या हातांनीच बोलवलेलं दिसलं असतं. म्हणून मी ह्यांना म्हटलं, "तुमी सभेले येऊ नका."

"नाही येत," म्हणाले.

आले. मी ठराव वाचून संपवते न संपवते तोच मागून उभे राहिले. हात पाठीमागे घट्ट धरलेले. "माहा विरोध हाय. टाकी ग्रामपंचायतीपाशीच पाह्यजे."

मग समजलं, हा माणूस माझ्या दोऱ्या तोडून राह्यला. मी आवाज चढवला. "तुमचं म्हणणं लिहून घेतलं. बसा खाली." लोकांनी हात वर केले, ठराव मंजूर झाला. आज टाकी उंचावर आहे आणि शेवटच्या नळाला पाणी येतं. त्या दिवशी वाटलं, जिंकलो आपण.

संध्याकाळी दुसरं चित्र आलं. आता कठपुतळ्या दोन होत्या, एक मी आणि एक माझ्याशी भांडणारे हे. वर मात्र तेच दोन हात. पहिलं चित्र खोटं होतं. हे दुसरं खोटं नव्हतं. ह्यांनी माझ्याच भल्यासाठी, पण सभेत खरोखर दोरी ओढली होती.

तेव्हापासून एक गोष्ट माझा पिच्छा सोडत नाही. टाकी उंचावर बांधू, हे आमच्यात आधी कोण बोललं? चित्र येण्याआधी विचारलं असतं, तर मी पटकन सांगितलं असतं, मीच. आता आठवायला बसले की उंचवट्यावर आम्ही दोघं दिसतो आणि ह्यांचे हात हलताना दिसतात. दर वेळी थोडे मोठे दिसतात. माझा आवाज काही केल्या ऐकू येत नाही, आणि मला भीती वाटते.

माझी मुदत संपली. गाव ती चित्रं विसरलं. हे विसरले नाहीत. घरात कशावर म्हणून बोलत नाहीत, हातही हलवत नाहीत.

परवा पोरीचा नागपूरला नर्सिंगला नंबर लागला. तिनं जावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि ह्यांनाही वाटत असणार. पण मला एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. "तुमाले काय वाटते?" मी विचारलं.

"आधी तू सांग."

"मी नाही सांगत. तुमीच बोला."

"तू सांगशील तसं."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, उलटंच बोलू, आता तरी हा माणूस चिडेल, भांडेल माझ्याशी. "नको पाठवाले तिले," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "नको तं नको."

स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज चालू होता, तो थांबला. पोरगी ऐकत होती.