साहेबांचे उंदीर का धावले

प्रयोगशाळेत तिला सगळे उंदीरताई म्हणत. पिंजऱ्यांतला भुसा बदलायचा, पाणी भरायचं, मेलेलं पिल्लू उचलायचं, हे काम तिने एकोणीस वर्षं केलं. एवढ्या वर्षांत तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. साहेबांना तर तिचा चेहरा तरी ओळखू येत होता की नाही, शंकाच आहे.

साहेब मोठे शास्त्रज्ञ. निदान त्यांचं स्वतःचं तरी तसं ठाम मत होतं. त्यांच्याकडे उंदरांचे दोन गट होते. एका गटाच्या मेंदूत एचआयव्ही विषाणूचं एक प्रथिन तयार व्हायचं, दुसरे साधे. दोघांनाही तरतरी आणणाऱ्या नशेचं इंजेक्शन द्यायचं, पेटीत सोडायचं आणि कोण किती धावतं ते मोजायचं. प्रथिनवाले दुप्पट धावले. झालं! साहेबांनी हातभर लांब नावाचा लेख छापला आणि सभासभांतून छाती काढून मिरवू लागले.

उंदीरताईचा या कामात जीव गुंतला होता, तो वेगळ्याच कारणाने. तिच्या धाकट्या भावाने तरुणपणी असल्याच नशेच्या सुया टोचून घेतल्या होत्या. एचआयव्हीही त्या सुयांमधूनच आला. आता नशा सुटली होती, गोळ्या चालू होत्या, तब्येत धड होती. पण एका जागी बसणं त्याला जमत नसे, सांगितलेलं ध्यानात राहत नसे. "केलेलं फेडतोय," असं नातेवाईक म्हणत. त्याच्या घरी पाण्याचा घोटही न घेणारी ही मंडळी निवाडा द्यायला मात्र पुढे!

म्हणून ती उंदरांकडे नीट बघायची. प्रथिनवाले नेहमी सकाळी पेटीत जात, साधे दुपारी. आणि सकाळीच भिंतीपलीकडे पिंजरे धुण्याचं यंत्र चाले. माणसाला नुसती घरघर ऐकू यायची. उंदीर मात्र सुई टोचायच्या आधीच सैरभैर व्हायचे.

तिने धीर करून सांगितलं, "साहेब, सकाळी ते यंत्राच्या आवाजाने बिथरलेले असतात. एकदा वेळा उलट्या करून बघा ना."

"बाई, तुम्ही भुसा बघा. विज्ञान आम्ही बघतो."

पुढच्या महिन्यात यंत्र बिघडलं. नऊ दिवस बंद. प्रथिनवाल्यांचं दुप्पट धावणं एकदम आटलं. आकडे पाहून साहेब तणतणत प्राण्यांच्या खोलीत आले.

"पिंजरे अदलाबदल केलेत तुम्ही!" सगळ्यांसमोर ते ओरडले. "चार वर्षांचं काम मातीत घातलंत!"

तिने खिशातली वही काढली. यंत्राच्या दुरुस्तीवाल्याने सांगितल्यावरून ती ते चालू-बंद झाल्याच्या वेळा टिपून ठेवायची. "उंदीर तेच आहेत, साहेब. बंद पडलंय ते यंत्र."

साहेबांनी वही हिसकावून घेतली आणि वाचता वाचता त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

प्रयोग पुन्हा झाला. या खेपेला दोन्ही गट एकाच वेळी, यंत्र बंद ठेवून. प्रथिनवाले तरीही जास्त धावले, पण थोडेसेच. नव्या लेखात छापून आलं, "आवाजाचा परिणाम लेखकांच्या निदर्शनास आला." लेखकांच्या म्हणे! शेवटच्या ओळीत 'प्राणिगृहातील कर्मचाऱ्यांचे' आभार होते. माफीबिफी कुणी मागितली नाही. एवढ्या मोठ्या माणसाला एवढं छोटं काम कसं झेपणार?

रविवारी ती भावाकडे गेली. तो खोलीत येरझाऱ्या घालत होता.

"ताई, मग त्या उंदरांचं काय ठरलं? माझं हे असं कशामुळे होतं?"

"उंदरांवरून तुझं काय सांगू? पण त्यांच्यात तरी फरक खरा निघाला. साहेब ओरडत होते तेवढा नाही, पण आहे."

तो थांबला. "म्हणजे सगळाच माझा नालायकपणा नाही?"

"सगळा नाही," ती म्हणाली. "निम्मा असेल."

तो पोट धरून हसला. मग तिने चहा टाकला, आणि त्याने तो चक्क बसून प्यायला.