नरहरी मोहरिलांच्या गाडीचा पुढचा मालक

आमचे भाऊजी नरहरी मोहरील यांच्या घरात माणसं दोन, पण कारभार चालतो तिसऱ्याच्या मर्जीने. हा तिसरा कधी कुणी पाहिलेला नव्हता. त्याचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. तो म्हणजे भाऊजींच्या गाडीचा पुढचा मालक. त्याला पांढरा रंग आवडतो. सीटवर डाग चालत नाही. गाडी फार चाललेली दिसली तर त्याचं मन खट्टू होतं. बायकोच्या आवडीनिवडी भाऊजींना चाळीस वर्षांत लक्षात ठेवता आल्या नाहीत, पण ह्या गृहस्थाच्या सगळ्या तोंडपाठ.

मी सुशील, सरोजिनीताईचा धाकटा भाऊ. अभनपूरला माझं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई माझ्याजवळ असते. ताई रायपूरला ब्राह्मणपाऱ्यात. मध्ये तासाभराचा रस्ता. हा तासाभराचा रस्ता ताईला लांब कसा झाला तेच मला सांगायचं आहे, आणि मी ते चिडून सांगतो आहे हे आधीच कबूल करतो.

भाऊजी रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाले. माणूस निर्व्यसनी, सरळ, कुणाचं वाईट न चिंतणारा. नवी गाडी त्यांनी आयुष्यात घेतली नाही, कारण शोरूमच्या दारातून बाहेर पडता पडताच तिची किंमत घसरते. हे ज्ञान ते लग्नात देतात, बारशात देतात, आणि एकदा तर माझ्या सासऱ्यांच्या तेराव्याला जेवणाच्या पंगतीत त्यांनी ते शेजारच्या माणसाला दिलं. जुनी गाडी घ्यायची, दोन-तीन वर्षं जपायची, आणि भाव पडायच्या आत दुसऱ्या जुन्या गाडीशी बदलायची. अशा चार गाड्या झाल्या. चारही पांढऱ्या.

जपायची म्हणजे कशी, तेही ऐका. दुसऱ्या गाडीची पूजा होती तेव्हा गुरुजी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला गेले. भाऊजींनी त्यांचा हात धरला. कुंकवाने रंगावर डाग राहतो. शेवटी स्वस्तिक एका कोऱ्या कागदावर काढलं, तो कागद बॉनेटवर ठेवला, वर एकाने बोट धरलं, आणि पूजा आटोपल्यावर कागदाची घडी घालून भाऊजींनी ती गाडीच्या कागदपत्रांत ठेवून दिली. नारळ सहा हात लांब फुटला. गुरुजींनी दक्षिणा घेतली आणि आशीर्वाद बहुधा पुढच्या मालकालाच दिला.

गाडीत खायचं नाही हा नियम. श्रावणी, त्यांची मुलगी, लहानपणी बिस्किट खायला गाडीतून उतरायची, खायची, फ्रॉक झटकायची आणि परत बसायची. आता ती हैदराबादला नोकरी करते आणि स्वतःच्या गाडीत मुद्दाम समोसे खाते, तसा फोटो काढून बापाला पाठवते. नागपूरला जायचं तर रेल्वेचा पास आहे, मग गाडी कशाला? भाजीला जायचं तर स्कूटर आहे. ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत गाडी मावत नाही म्हणून दोन गल्ल्या सोडून एका शेडमध्ये भाड्याने जागा घेतली होती. रोज संध्याकाळी भाऊजी तिथे जाऊन कव्हर उचलायचे, बघायचे, कव्हर घालून परत यायचे.

ताई या सगळ्याला हसायची. कुठे जायचं ठरलं की विचारायची, "त्याले विचारलं काय? तो हव म्हणतो का?" भाऊजींनाही तेव्हा हसू यायचं.

रिसेल बघणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. मी दुकानदार माणूस आहे. दोन गाड्या सगळ्या बाबतीत सारख्या असतील तर विकताना जी जास्त पैसे देईल ती घ्यावी, यात वाद नाही. पण माझ्याकडे शेतकरी बियाणं घ्यायला येतो तो जमीन कशी, पाणी किती ते आधी बोलतो. रिकामी पिशवी किती रुपयांना जाईल असं विचारत दुकानात शिरलेला शेतकरी मी अजून पाहिला नाही.

मागच्या दोन वर्षांत ताईचे गुडघे गेले. समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, शुगर आटोक्यात येईपर्यंत ऑपरेशन नाही, आणि तोवर पाट, चटई, बुटकी गाडी सगळं बंद. त्या वेळची चौथी गाडी नेमकी बुटकी होती. आत बसायचं तर ताईला आधी पाठ आत टाकावी लागे, मग एकेक पाय दोन्ही हातांनी उचलून घ्यावा लागे. उतरताना मी ओढायचो आणि ती ओठ दाबून धरायची. दर रविवारी येणारी ताई महिन्यातून एकदा येऊ लागली. आई दारात खुर्ची टाकून बसायची आणि दर रविवारी विचारायची, सरू आली काय.

म्हणून गेल्या मार्चमध्ये गाडी बदलायचं ठरलं. कारण एकच होतं, ताईचे गुडघे. हे भाऊजींनाही मान्य होतं, त्यांनी स्वतः मला फोन करून बोलावलं. आम्ही तिघं रिंगरोडवरच्या जुन्या गाड्यांच्या यार्डात गेलो. यार्ड गौतमचं. हा आपलाच मराठी माणूस, वडील रेल्वेत भाऊजींच्या बरोबरीचे. त्याने ताईची चाल बघितली आणि काही न विचारता आम्हाला मागच्या रांगेत एका तपकिरी गाडीजवळ नेलं. उंच, चौकोनी, रुंद दाराची गाडी. दिसायला धान्याच्या कोठीसारखी. कंपनीने ते मॉडेल बंद करून चार वर्षं झालेली. किंमत दोन लाख नव्वद हजार.

ताईने दार उघडलं, छताजवळची दांडी धरली आणि खुर्चीवर बसतात तशी बसली. कुणाचा हात लागला नाही. पाय आपोआप आत गेले. ती उतरली, पुन्हा बसली. मग दार लावून घेऊन आत बसूनच राहिली, काचेतून समोरच्या रस्त्याकडे बघत. दहा मिनिटं तरी असेल. काच खाली करून मला म्हणाली, "सुशील, हे मले जमते रे." तिचा चेहरा मी इतक्या महिन्यांत तसा पाहिला नव्हता.

तेवढ्या वेळात भाऊजी गाडीला पाठ करून मोबाइलमध्ये जुन्या गाड्यांचे भाव बघत होते. मोबाइलवर त्यांना पुढचा मालक भेटला होता. तपकिरी रंग त्याला नको होता. बंद पडलेलं मॉडेल तर नकोच नको. भाऊजींनी गौतमला विचारलं, तीन वर्षांनी हिला कोण घेईल? गौतमने सांगितलं की यंत्र ठणठणीत आहे, पुढचं पुढे बघू. भाऊजींनी मान हलवली आणि पुढच्या रांगेतल्या एका पांढऱ्या गाडीकडे बोट केलं. तिचा पुढे काय भाव येईल, हे ते आकड्यांसकट बोलू लागले. गौतम बराच वेळ ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही गाडी घेऊन राहिले का विकून राहिले?"

भाऊजींना ते थट्टेचं वाटलं. चार लाख वीस हजारांना, जुनी गाडी वजा करून, पांढरी घरी आली. जुनीपेक्षा ती दोन बोटं उंच होती, आणि भाऊजींनी ती दोन बोटं पट्टीने मोजून ताईला दाखवली. ताईने पट्टी उचलून जागेवर ठेवली. ती रागावली असती तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं.

ती तपकिरी गाडी मीच का घेतली नाही, असं मला कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे. खरिपाच्या मालाचे पैसे कंपन्यांना भरायचे होते, आणि मोटारसायकल व मालाची छोटी गाडी यांवर माझं भागत होतं. उत्तर खरं आहे आणि मला ते आवडत नाही.

पांढऱ्या गाडीत ताई दोनदा बसली. दुसऱ्यांदा उतरताना शेडच्या दारातच कळवळून खाली बसली, त्यानंतर त्या गाडीत बसली नाही. पोळ्याला ती माहेरी आली ती ऑटोने, खड्ड्यांतून हादरत, दांडी घट्ट धरून. आता मला वाटलं भाऊजी मागून गाडी घेऊन येतील. तर भाऊजी तिच्याच शेजारून, त्याच ऑटोतून उतरले. आपल्या एकट्यासाठी गाडीच्या मीटरवर साठ-सत्तर किलोमीटर कशाला चढवायचे, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. ऑटोवाल्याला नऊशे रुपये दिले. ताई पुढे दोन दिवस पाठ शेकत होती. दसऱ्याला ती आली नाही.

आणि दसऱ्यानंतर आईने विचारणं बंद केलं. खुर्ची दारातून उचलून तिने आतल्या खोलीत लावून घेतली.

हेच भाऊजींना तोंडावर सांगायचं ठरवून मी एका रविवारी सकाळी ब्राह्मणपाऱ्यात गेलो. तर घरात लगबग. पांढऱ्या गाडीचं नवं रूप बाजारात येणार अशी बातमी होती, आणि ते आलं की जुनीचा भाव पडणार. म्हणून ही पाचवी गाडी सात महिन्यांतच विकायला निघाली होती. जाहिरात बघून कुणी साहू नावाचे गृहस्थ बघायला येणार होते. गाडी धुवून गल्लीच्या तोंडाशी उभी केलेली. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ताईने कपाटातले ठेवणीतले कप काढले आणि मला हळूच म्हणाली, "आज तो येऊन राहिला."

तो आला. पंचेचाळिशीचा, कारखान्यात नोकरी करणारा साधा माणूस, एका शेजाऱ्याच्या गाडीतून आलेला. भाऊजींनी त्याला मीटर दाखवला: सात महिन्यांत चारशे बारा किलोमीटर. सीटवरचं प्लास्टिक दाखवलं. कागदावरचं स्वस्तिकसुद्धा दाखवलं, या गाडीसाठीही तसंच काढलेलं. साहू हो हो करत होता. मग म्हणाला, चाचाजी, गाडी एकदम नवी आहे, एक मिनिट, अम्मांना बसवून बघतो. शेजाऱ्याच्या गाडीतून त्याने एका म्हातारीला उतरवलं. हातात काठी, पाय गुडघ्यात वाकलेले. ती दारापाशी आली, एक हात छपरावर ठेवला, वाकली, थांबली, पुन्हा वाकली. साहूने मागून आधार दिला. तिने त्यांच्या बोलीत गुडघा दुखतो म्हणून सांगितलं आणि काठी टेकून उभी राहिली.

साहूने दार हलकेच लावलं. भाऊजी घाईघाईने रिसेल सांगू लागले, तीन वर्षांनी इतके, पाच वर्षांनी इतके. साहू नम्रपणे म्हणाला, "चाचाजी, बेचनी थोडी है। माँ को बिठाना है।"

ताईने म्हातारीला घरात बोलावून उंच खुर्चीवर बसवलं, ठेवणीतल्या कपात चहा दिला. दोघी बराच वेळ गुडघ्यांबद्दल बोलत होत्या. ती माणसं गेल्यावर भाऊजी ओट्यावर बसून राहिले. मी बोलायला आलो होतो ते मला बोलावंसं वाटेना, पण बोललो. आई आता विचारत नाही, एवढंच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा काहीतरी लागलं, कारण त्यांनी खिशातून मोबाइल काढून आमच्यासमोरच गौतमला फोन लावला आणि मार्चमधली ती तपकिरी गाडी आहे का म्हणून विचारलं.

गौतमचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. ती त्याच आठवड्यात गेली होती. तीन घरची माणसं मागं लागली होती, सगळ्यांकडे कुणीतरी म्हातारं माणूस. तीन लाख दहा हजारांना गेली. तशी दुसरी मिळेल का? शोधतो म्हणाला, पण अशी गाडी घेतलेली माणसं लवकर सोडत नाहीत.

भाऊजींनी फोन ठेवला. ते बोटांवर हिशोब करू लागले. मग खऱ्याखुऱ्या दुःखाने म्हणाले, "एवढी रिसेल होती तिले. काहून कोणी सांगितलं नाही मले?"

ताई कप गोळा करत होती. तिने कप खाली ठेवले.

"मी दहा मिनिटं बसून होती तिच्यात," ती म्हणाली. "आणखी कसं सांगतात?"