डोंगराआडचा चंद्र

आज संकष्टी. घारग्यांचा डबा घेऊन इथे परदेशात, क्रेगीबर्नच्या आमच्या अंगणात उभी आहे, तर नातू फोन दाखवतो, "आजी, मून इज अप. जस्ट ईट." अरे, ढगाआडचा चंद्र मी कसा मानू?

दक्षिण आफ्रिकेतल्या एका चिमुकल्या गावी हे आणि मी फिरायला गेलो होतो, तेव्हाही संकष्टीच, आणि चंद्र डोंगराआड. भोवती नुसता कोरडा माळ नि मेंढ्या. उतरलो होतो त्या घरच्या बाईने माझ्यासाठी भोपळ्याचे गोड वडे तळलेले, थेट आपले घारगेच, वर दालचिनी-साखर. वासानेच माझा जीव कासावीस. तिचा धिप्पाड नवरा म्हणाला, "चंद्र येत नाही ना? मग आपण जाऊ त्याच्याकडे." मेंढ्या न्यायच्या उघड्या गाडीत मागे आम्ही, ह्यांच्या मांडीवर वड्यांचं भांडं, आणि गाडी निघाली डोंगरावर.

वर पोचलो तर समोर परातीएवढा चंद्र. मी हात जोडले, त्या बुवाने टोपी काढली. वळून बघते तर भांडं रिकामं आणि ह्यांच्या मिशीला साखर.

"रस्त्यात खड्डे फार होते गं," हे म्हणाले.

किती रागावले होते मी. आता हे नाहीत, आणि चंद्र दिसेपर्यंत डबा आपला भरलेलाच राहतो.