अँटेनावरच्या लाल रेघा

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळली. रेडिओवाल्या मंडळींत अँटेनाचा विषय निघाला की मी चहा सांगायच्या निमित्ताने उठायचो. आता उठायलाही गुडघे कुरकुरतात, म्हणून सांगून टाकतो.

मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर एक जुनी, एकाच दिशेला रोखायची अँटेना होती. लांब नळीवर पाच आडव्या दांड्या, मागची सर्वांत लांब, पुढच्या आखूड होत गेलेल्या. मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र, दोघेही परवाना असलेले हौशी रेडिओवाले. पुरात मोबाईल बंद पडले तेव्हा याच अँटेनावरून आम्ही लोकांचे निरोप पोचवले होते. जुन्या बाजारातून आणलेली असल्यामुळे तिची माहितीपुस्तिका आमच्याकडे कधीच नव्हती.

गच्ची गळायला लागली आणि अँटेना उतरवणं भाग पडलं. मित्र वर एकटाच दांड्या सोडवत होता, मी खाली गवंड्याशी भांडत होतो. नळी माझ्या माळ्यावर गेली.

मग खंडेनवमी आली. आमच्या घरात त्या दिवशी पाने, पक्कड, ड्रिल, सगळी हत्यारं घासूनपुसून पुजतात. त्या वर्षी मी नळीही खाली काढली. तिच्यावर चुन्याचे, डांबराचे, कसलेकसले डाग होते. पॉलिशपेपर घेऊन लखलखीत केली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. बायको म्हणाली, "एवढं कधी देव घासल्यालं बघितलं न्हाई मी."

दिवाळीनंतर जोडायला बसलो आणि डोक्याला ताप सुरू झाला. कुठली दांडी कुठे बसवायची? बोटभर अंतर चुकलं तरी अँटेना बहिरी. इंटरनेटवर प्रत्येकाची मापं वेगळी आणि प्रत्येकाचीच म्हणे खरी. एक नट आवळावा तर दुसरा ढिला. कागलकडे रोखली तर कागलचा दोस्त ऐकू येईना आणि पाठीमागची, पन्हाळ्याकडची खरखर मात्र स्वच्छ. त्यात शेजारीण रोज कठड्यावरून विचारायची, "भावजी, त्यो दांडा रिकामाच हाय न्हवं? गोधडी टाकू का?"

अशाच एका वैतागलेल्या दुपारी मित्र म्हणाला, "खुणा बघून बसीव की. मी केल्त्या."

"कसल्या खुणा?"

"लाल रंगाच्या रेघा. दरएक दांडीच्या जागंला. सोडवायच्या आधी मारल्या."

मी नळी त्याच्यापुढे आपटली. "दाव. कुठं हायत?"

त्याने चष्मा पुसला. नळी उन्हाकडे धरून फिरवून फिरवून पाहिली. "मर्दा, केल्त्या की. रंगाचा डबाबी तुझ्याच घरातला."

"सपनात केल्त्यास," मी ओरडलो. "डोस्कं गेलंय तुझं. थोरल्या भावाच्या वाटंनं निघालास बघ."

त्याच्या थोरल्या भावाची स्मृती गेली होती. तो स्वतःच्या पोराला "पावणं, कुठलं गाव?" विचारायचा. आपलंही असंच होणार ही धास्ती मित्राने फक्त मला सांगितली होती. शेजारीण कठड्यावर ऐकत होती. त्याने नळी हळूच खाली ठेवली आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी ड्रिल ठेवायला हत्यारांचं खोकं उघडलं. खंडेनवमीला वापरलेला पॉलिशपेपर आत पडला होता. त्याच्या दाण्यांत लाल रंग भरला होता.

तसाच त्याच्या घरी गेलो. सांगायचंच ठरवून गेलो होतो. तो सोफ्यावर बसला होता, शेजारी सून चहा ओतत होती. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "माझंच चुकलं गड्या. रात्रभर इचार केला. रेघा मारल्याच न्हाईत मी, मारल्यागत नुसतं वाटलं. तुझं एवढं काम नासलं. माफ कर. स्कूटरची चावी सुनंकडं दिलीया आजपास्नं."

सून माझ्याकडे पाहत होती. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "जाऊ दे रं. हुतंय वयानं."

मी त्याला माफ करून आलो!

त्यानंतर तो रेडिओवर आला नाही. एकच गोष्ट दोनदा बोललो तर लोक हसतील, म्हणायचा. गच्चीवर नाही, तालमीपाशी बसायला नाही. मी भेटायला जायचो, पावसापाण्याचं बोलायचो, दारात चप्पल घालता घालता आता सांगू असं वाटायचं आणि चप्पल घालून निघायचो. अँटेना पुढे कशीबशी लागली. पुढच्या उन्हाळ्यात तो हृदयविकाराने गेला. दिवसांना गेलो तेव्हा सून म्हणाली, "मामांजींना शेवटपत्तुर समदं आठवत हुतं. पर त्यांचा सोतावर भरवसाच ऱ्हायला न्हवता."

तिलाही मी काही सांगितलं नाही. जे त्याला त्या सोफ्यावर म्हणायला हवं होतं ते एवढंच होतं: मर्दा, रेघा तू मारल्त्यास. मी घासून काढल्या. तुझं डोस्कं शाबूत हाय. माफी मी मागायची, तू न्हाई.