भादव्याचा हप्ता

टॅक्सी सुरू करण्याआधी काका बॉनेटवर दोनदा टकटक करायचे. "उठ गो बाय, पोटापाण्याक जावया." बाय एकदा खोकायची, दोनदा खोकायची, मग उठायची. आमच्या लालबागच्या चाळीत निम्म्या लोकांना गजर लावावा लागत नसे.

काका माझ्या शेजारच्या खोलीत एकटे राहायचे. आम्ही दोघे मालवणकडचे, एकाच गावचे. त्यांची बायको गावी घर सांभाळायची. टॅक्सी अठरा वर्षांची, कर्ज कधीच फिटलेलं. सरकारी नियमाने तिची दोन वर्षं उरली होती. "दोन वर्सांनी ती भंगारात, मी गावाक," म्हणून काका स्वतःच हसायचे.

बाय आजारी पडली की शिवडीच्या मिस्त्रीकडे जायची. मिस्त्री जुना दोस्त, पैशासाठी कधी अडला नाही. गुडघा दुखला की काका चार दिवस गाडीच काढत नसत. मी एकदा नव्या गाडीचा विषय काढला, तर म्हणाले, "जुनी गाडी खर्च मागता, नवी हप्तो मागता. खर्चाक 'उद्या ये' सांगूक येता रे, हप्त्याक नाय."

आता तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठे? बिघडलं नाही हो. मी बिघडवलं.

बायचा गिअरबॉक्स गेला आणि मी पुढे सरसावलो. लोअर परळच्या ऑफिसात हिशेब बघतो ना, मग गप्प कसा बसेन! कागदाच्या एका बाजूला मिस्त्री, टायर, गॅस. दुसऱ्या बाजूला नव्या गाडीचा हप्ता. रोजची कमाई गुणिले तीस, गुणिले बारा. कागदावर नवी गाडी सरळ जिंकली. "पाच वर्षं काढा काका, मग गाडी विकून गावच्या घरावर स्लॅब टाका," मी म्हटलं. स्लॅबचं नाव निघालं आणि ते विरघळले. "तू शिकलेलो झील, तुका कळता," म्हणाले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

बाय भंगारात गेली, हप्त्यावर नवी आली. नव्या गाडीला त्यांनी कधी टकटक केली नाही. ती चावी फिरवली की गुपचूप सुरू व्हायची.

आषाढात गुडघा धरला. दोन हप्ते थकले. मग गणपती आले. काका दरवर्षीसारखी गाडी शिवडीला मिस्त्रीच्या दारात लावून गावी गेले. त्या दिवसांत लालबागमधून गाडी निघते कुठे? तिसरा हप्ता थकलाय हे मला बोललेही नाहीत. गौरी आल्या त्या दिवशी मिस्त्रीचा फोन आला. "अरे, बँकवाल्यांनी उचलून नेली गाडी!"

मी गावी कळवलं नाही. घरात गणपती बसलेला, कसं सांगणार?

काका परतले ते माझ्यासाठी नारळ आणि खाजं घेऊन. दारातच सांगितलं मी. ते खाटेवर बसले. खिशातून तो कागद काढला, उलटसुलट पाहिला.

"झिला, ह्या कागदार भादवो खय आसा?"

अरे देवा! मी मालवणी माणूस. गणपतीची रजा जानेवारीतच मागून ठेवणारा. आणि काकांचे बारा महिने मी तीस-तीस दिवसांचे धरले होते. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला.

गाडी लिलावात गेली, तरी कर्ज पुरतं फिटलं नाही. काकांनी खोली भाड्याने दिली आणि अँटॉप हिलला एका इमारतीत वॉचमन म्हणून लागले, तिथल्याच केबिनमध्ये राहायला.

यंदा गणपतीत त्यांना सुट्टी मिळाली नाही. मी गेलो. आरतीला त्यांच्या घरी गेलो तर पाटाजवळ काकांच्या जागी शेजारचा मुलगा उभा होता. काकी माझ्या मागे वाटेकडे बघत राहिल्या. "ते इले नाय?"

"कामात आहेत," म्हटलं.

निघताना त्यांनी खाज्याचा पुडा हातात दिला. "तेंका दी."

पुडा अजून माझ्या कपाटावर आहे. लालबागहून अँटॉप हिल ते किती लांब? पण पाय उचलत नाही.