ठासून भरलेलं कार्ड

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. लावाली इदी सौर पट्टीवर चालणाऱ्या लॅपटॉपवरून एका मेमरी कार्डावर गाणी चढवत होता. नायजरमधल्या त्या गुरांच्या बाजारात त्याची टपरी याच कामाची. गिऱ्हाईक छोटा प्लेअर आणतं, लावाली कार्ड भरून देतो, तेही काठोकाठ. गुराखी महिनोन्‌महिने रानात असतो. त्याला अर्धं कार्ड देणं म्हणजे अर्धी पखाल देऊन वाटेला लावणं.

चवळीचे वडे तळणारी साहिया आली आणि तिने प्लेअर फळीवर आपटला. नव्या कार्डावरची पहिली गाणी वाजत नव्हती.

"बत्तीस जीबीचं म्हणून दिलंस ना? लेकीच्या लग्नात बायका काय मुक्यानं नाचतील?"

लावालीने त्याच पुडक्यातलं दुसरं कार्ड तपासलं. वर बत्तीस छापलेलं, आत जागा चारचीच. चारच्या पुढे भरलेलं सगळं पुन्हा सुरुवातीपासून आधीच्यावर चढत होतं. साहियाला पैसे परत देता देता त्याला गोर्जो आठवला.

गोर्जो हा वोडाबे या भटक्या जमातीतला गुराखी. बैलाच्या लाथेने पाय मोडल्यापासून तो गावातच पडून होता. त्याची गुरं तिन्हीसांजेला फक्त त्याच्या हाकेवर गोळा होत. म्हणून त्याने हाक रेकॉर्ड करून घेतली होती आणि ती घेऊन भाऊ बांगो परवाच कळपाबरोबर उत्तरेला गेला होता. लावालीने याच पुडक्यातल्या नव्या कार्डावर आधी हाक टाकली होती, मग उरलेल्या जागेत गाणी कोंबली होती; म्हणजे ती हाकेवरच चढली. हाक मुळात ज्यावर होती ते जुनं कार्ड त्याने बदल्यात घेऊन, पुसून विकलंही होतं; लॅपटॉपवर प्रत नव्हती. बांगोने निघताना काही वाजवून पाहिलं नाही. भरदुपारी हाक ऐकली तर गुरं बावचळतात.

लावालीने टपरीला कुलूप लावलं. प्लेअरच बिघडला असेल असं सांगायचं त्याने वाटेत ठरवलं होतं, पण गोर्जोच्या झोपडीत गेल्यावर त्याने खरं तेच सांगितलं.

गोर्जोने विचारलं, "गाणी मागितली कुणी होती?"

"कार्ड रिकामं कसं देणार, काका?"

"माझ्या गाईंना परक्याचा आवाज चालत नाही, लावाली. त्या पाठ फिरवून चालू लागतात."

आडवं पडून हाक निघेना. लावालीने त्याला खांबाला टेकवून बसवलं. दोनदा आवाज फाटला, तिसऱ्यांदा जमला. या वेळी कार्ड जुनं, अर्ध्या जीबीचं, खात्रीचं होतं. त्यावर हाक तेवढी टाकली आणि लावालीने ती पुन्हा पुन्हा वाजवून पाहिली.

"जागा उरली?"

"पुष्कळ."

"राहू दे तशीच."

कळप अजून एकत्र आहे की पांगलाय, हे सांगायला तिकडे फोन लागत नाही. बांगो ज्या विहिरीवर थांबणार आहे तिथे पाण्याचा टँकर जातो. तो उद्या सकाळी सहाला निघेल. ड्रायव्हर साडेपाचपर्यंत पोचवायची पुडकी घेतो; हे कार्ड त्यातच जाईल.