व्हॉल्व्हच्या आत बोट घालणारे आप्पा

हातात कुठलाही व्हॉल्व्ह आला की आप्पा आधी त्याच्या आत बोट घालायचे. आम्ही चेष्टा करायचो, "काय आप्पा, आत लोणचं हाय व्हय?" ते हसायचे नाहीत. "बाहेरनं सगळं बिडाचं लोखंडच दिसतंय गं. आतनं बघ."

बेळगावातल्या आमच्या कारखान्यात परदेशी जाणाऱ्या मालाची वर्गवारी आप्पा करायचे. कुठला माल साधा आणि कुठला सरकारी परवान्याशिवाय देशाबाहेर काढायचा नाही, हे ठरवायचं काम. तेजाबालाही दाद न देणारं अस्तर आत असलं, की तो व्हॉल्व्ह रंगाच्या कारखान्यात चालतो, तसा विषारी वायू बनवणाऱ्याकडेही चालतो. मी सांबऱ्याहून रोज येऊन त्यांच्या हाताखाली हे शिकत होते.

आप्पा मुलखाचे भित्रे! पाल दिसली की पाय खुर्चीवर. सही करण्याआधी तळहात पँटला पुसायचे. "भ्या वाटायचं बंद झालं, की हे काम सोडायचं," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मग ती ऑर्डर आली. गिऱ्हाईक नवं, आखातातला पत्ता, भावाची घासाघीस अजिबात नाही. विक्रीवाल्यांनी कागदावर 'साधा व्हॉल्व्ह' लिहिलं होतं. आप्पांनी बोट घातलं आणि त्यांचा चेहराच उतरला. आत गुळगुळीत पांढरं अस्तर होतं.

ट्रक गेटवर उभा होता. मालक स्वतः आले. "आप्पा, करा सही. ही ऑर्डर हातची गेली तर कामगारांस्नी काय सांगू?"

"साधा म्हणून न्हाय करणार मालक. परवाना मागूया. माल कुठल्या कारखान्यात बसणार, तेवढं त्यांस्नी विचारूया." आप्पांनी तळहात पँटला पुसले.

मालक माझ्याकडे वळले. "मग तू कर गं. तुला बी आता सहीचा अधिकार दिलाय न्हवं?"

मी पेन उचललं. तेवढ्यात आप्पांनी माझ्या हातातलं पेन हिसकावलं. "पोरीला मधी घालू नका!" त्यांना ओरडताना मी तेवढं एकदाच ऐकलं. कागदावर 'नियंत्रित माल' असं लिहून त्यांनी सही केली.

गिऱ्हाइकाला प्रश्न गेला. उत्तर आलंच नाही. फोन बंद, पत्त्यावर कुणी नाही. दिलेला अ‍ॅडव्हान्ससुद्धा कुणी परत मागितला नाही, तेव्हा मालकांनाही पटलं.

पण आठवड्याभरानं आप्पांच्या घरी फोन आला. हिंदीत, अगदी अदबीनं एक माणूस विचारत होता, साहेब, तुमची मुलगी कॉलेजला कुठल्या बसनं जाते? पोलिसांत तक्रार झाली, निष्पन्न काही झालं नाही. आप्पांनी नोकरी सोडली आणि बायको-मुलीला घेऊन संकेश्वरला भावाकडे गेले.

ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेले. बरं वाटावं म्हणून म्हटलं, "आप्पा, तुमच्यामुळं ते व्हॉल्व्ह गेले न्हाईत."

 आप्पा हळूच म्हणाले, "आपल्याकडनं न्हाईत गेले गं. दुसऱ्या कुणीतरी दिले असतील की. आता कुठं असतील ते?"

थोड्याच दिवसांत आप्पा गेले. त्यांच्या जागी आता मी बसते. बातम्यांत कुठं विषारी वायूचं नाव निघालं, की उठून टीव्ही बंद करते.